पर्यंत

रुओहोलाहतीला आमचं ऑफिस, सहावा मजला.
खाली कालवा गोठलेला, फेब्रुवारी,
दुपारचे तीन, आणि उजेड आवराआवरीला लागलेला.
समोर साइमी कार्प्पिनेन, वय एकोणतीस,
ओउलूच्या पाणीखात्यात चार वर्षं.
तिथं नेमकं काय करायचात, पहिल्या फेरीत मी विचारलं होतं.
रात्री दोनला रस्त्यावर उभं राहायचं, म्हणाली,
लाकडी काठी जमिनीला टेकवायची, दुसरं टोक कानाला,
आणि ऐकायचं,
गळती कुठंय ते.
मी फॉर्मवर लिहिलं: विश्लेषणाची आवड.

आज ऑफरचा दिवस.
नेहमीच्या चालीत वाचून दाखवलं:
महिना चार हजार सहाशे युरो,
फोन, जेवणाची कुपनं, सायकल,
दातांचा खर्च वर्षातून एकदा,
आणि बोनस, पगाराच्या पंधरा टक्क्यांपर्यंत.

ते "पर्यंत" मी हळू म्हणते.
अठरा वर्षांत जिभेला वळणच पडलंय,
झोपलेल्या घरात कडी लावावी तसं.

ती गप्प.

आमच्याकडे गप्प बसण्याला कुणी नावं ठेवत नाही.
सौनात, बसथांब्यावर, क्वचित लग्नातही
माणसं खुशाल गप्प असतात.
पण माझ्या ड्रॉवरमध्ये वरून आलेली एक चिठ्ठी होती:
पाच हजार दोनशे. त्यापुढे नाही.
हातचा राखून बसलेल्या माणसाला
शांतता चावते.

चार हजार आठशे, मी म्हणाले.
कुणी मागितलं नव्हतं.

ती कालव्याकडे बघत होती.
बर्फावरून एक म्हातारा चालला होता
आणि त्याचा कुत्रा मात्र काठावरच थांबलेला,
पाऊल उचलून, पुन्हा ठेवून.

पाच हजार.
शिवाय रुजू होताना तीन हजार एकरकमी.
माझाच आवाज मला ऐकू आला,
बाजार उठताना उरलेले हेरिंग
वजनाला न घालताच देणाऱ्या बाईचा.

मग तिनं पेन्सिल उचलली.
हे तीन हजार, दोन वर्षांच्या आत सोडलं तर परत?
हो.
म्हणजे दिलेले नाहीत. सांभाळायला दिलेत.
मी पाणी प्यायले.
पेन्सिल दोन ओळी खाली सरकली, थांबली.
आणि हे "पर्यंत".
शून्यसुद्धा पंधरापर्यंतच असतं ना?

अठरा वर्षांत किती जण त्या ओळीवरून गेले,
एमबीए केलेले, वकिलाला दाखवून आलेले,
एकाचाही पाय अडखळला नव्हता.

मागच्या वर्षी लोकांना खरोखर किती मिळाला?
हे गोपनीय असतं, असं एक वाक्य आहे आमच्याकडे.
ते तोंडाशी आलं.
चार टक्के, मी म्हणाले.

मग ते चार पगारात घाला, ती म्हणाली,
आणि "पर्यंत" तुमच्याकडे ठेवा.
तीन हजारही ठेवा.
सोमवारची ताम्पेरेची गाडी पहाटे पाचला सुटते,
तेवढा प्रवास कामात धरा.

घासाघीस म्हणावी असं काहीच झालं नव्हतं,
आवाज चढला नाही, कॉफीसुद्धा संपली नव्हती.
मी कॅल्क्युलेटर काढला. उगाच.
पाच हजार, वर चार टक्के.
पाच हजार दोनशे.
ड्रॉवर बंदच होता. मी दोनदा पाहिलं.

ती गेल्यावर फॉर्म भरायला बसले.
पगार वाढवण्याचं कारण, तीनांपैकी एक निवडा:
दुसरीकडची ऑफर, अनुभव, दुर्मीळ कौशल्य.
तिसऱ्यावर खूण केली.
मग दिवा मालवला आणि भिंतीला टेकून
थोडा वेळ उभी राहिले.
आतून पाइप वाजत असतील.
मला काही ऐकू आलं नाही.